त्या डाव्या वळणात

प्रिय टिटवी,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच ठेवून देशील अशी भीती वाटली, म्हणून पत्ता धाकटीकडून लिहून घेतलाय. धाकटी म्हणजे माझी बहीण. तुला ती आठवत असेल. विमानतळावर आपल्याला थर्मासमधून चहा घेऊन आली होती आणि विमानाला हात लावू का म्हणून तीनदा विचारत होती. आता ती माझ्याकडेच राहायला आलीय. मी न्हाणीघराची कडी लावायची नाही, गॅसपाशी एकटीनं उभं राहायचं नाही, जिना उतरताना कठडा सोडायचा नाही, असे तिचे हुकूम आहेत. पंचवीस वर्षं विमान शिकवताना मी दुसऱ्यांना हुकूम सोडले, आता मुकाट्यानं ऐकते. का, ते सांगणार आहे. पण आधी थोडं इकडचं तिकडचं सांगू दे, एकदम मुद्द्याला हात घालायची छाती नाही माझी. घारबाईची छाती होत नाही म्हणजे काय, असं म्हणशील. आज दुपारपासून तीन कागद फाडलेत.

आपलं वैमानिक बायकांचं मंडळ आहे तसंच आहे. विमानांच्या हँगरच्या वरची ती खोली, ते डुगडुगणारं टेबल, आणि आपण एकोणीस बायका. फवारणीवाली अजून विमानातून शेतांवर औषध मारून तशीच येते आणि तिच्या बुटांचे हिरवे ठसे जिन्यावर उमटतात. दातांची डॉक्टरीण दर रविवारी शाळेच्या मुलींना विमानातून एकेक फेरी मारून आणते आणि उतरल्यावर प्रत्येकीला दात दाखवायला लावते. अध्यक्षबाईंचा डावा कान पार गेलाय. तीस वर्षं मालवाहू विमानांच्या इंजिनाशेजारी बसल्यावर दुसरं काय होणार? उजवा चालतो, म्हणून मंडळही चालतं. आपला फोनचा नियमही चालू आहे. दूर जाणारीनं एकीला सांगून निघायचं आणि पोचल्यावर एकच शब्द कळवायचा, ‘उतरले’. तू पहिल्यांदा एकटी लांब गेलीस तेव्हा मला सांगून निघाली होतीस. वारा समोरून लागला आणि तू चाळीस मिनिटं उशिरा पोचलीस. त्या चाळीस मिनिटांत मी घरातले सगळे मटार सोलून टाकले, मग टरफलंही एकात एक घालत बसले. शेवटी फोन वाजला, आणि एका शब्दाऐवजी तू पाव तास बडबडलीस. टिटवी हे नाव त्या दिवशीचं. तेव्हा मला वाटलं होतं की भीती म्हणजे फोनपाशी बसणं. तेवढंच ठाऊक होतं मला.

दुसरी भीती मागच्या उन्हाळ्यात आली. मी दूध तापवत उभी होते. जळक्या रबराचा वास आला, वाटलं मिक्सर जळला. आणि मग बघते तर दूध ओट्यावरून खाली ओघळून माझ्या पायापर्यंत आलेलं, पातेलं कोरडं, काळं. मधली मिनिटं कुठे गेली? मी ओटा पुसला आणि स्वतःला सांगितलं, पित्त असेल. कुठल्याही दुखण्याला आपण आधी पित्तच म्हणून बघतो. पंधरा दिवसांनी परवान्याची वैद्यकीय तपासणी होती. फॉर्ममध्ये प्रश्न असतो, ‘कधी शुद्ध हरपली आहे का?’ तिथे पेन टेकवून मी थांबले. डॉक्टर खिडकीशी उभे राहून माझा एक्स-रे उजेडात धरून बघत होते. मी ‘नाही’वर खूण केली. खूण एवढीशी, पण पेन इतकं जोरात दाबलं की मागच्या पानावर उमटलं.

मग आपण धावपट्टीशेजारच्या काँक्रीटवर होकायंत्र जुळवायचं दिशाचक्र रंगवलं तो शनिवार. सगळ्या जणी गुडघ्यांवर बसून रोलर फिरवत होतो. तू मला काहीतरी विचारलंस, आणि मी भानावर आले तेव्हा माझा रोलर पांढऱ्या रेषेबाहेर जाऊन बुटावरून फिरला होता आणि तू म्हणत होतीस, “बाई, बूटपण रंगवायचेत का?” सगळ्या हसल्या. मीही हसले. म्हटलं, ऊन लागलं. त्यानंतरच्या गुरुवारी मी तुला घेऊन विमानात बसले. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही, टिटवी. मला सगळं माहीत होतं. फक्त त्याला नाव द्यायचं नव्हतं. नाव दिलं की परवाना जातो, आणि परवाना गेला की माझ्याकडे उरतं काय? लग्न केलं नाही, मूल नाही. एक विमान आणि तुम्ही पोरी. माणूस घाबरलं की किती हुशारीनं वागतं, ते मी त्या दिवसांत शिकले.

गुरुवारचं तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते. विमान तू चालवत होतीस, मी शेजारी. धावपट्टीकडे यायच्या शेवटच्या डाव्या वळणात विमान एकदम डावीकडे कोसळल्यासारखं झालं, नाक खाली गेलं. आपण पाण्याच्या टाकीच्याही खाली आलो होतो. टाकीवरचा गंजलेला जिना मला अजून दिसतो. मग विमान सरळ झालं आणि आपण उतरलो. त्याच दुपारी मी मंडळाच्या वहीत अहवाल लिहिला: ‘विद्यार्थिनीने डावे पॅडल प्रमाणाबाहेर दाबले. विमान सावरून सुरक्षित उतरवले.’ कोणी सावरलं ते मी लिहिलं नाही. वाचणारीनं जे समजायचं ते समजावं. तू वाचलंस, खाली सही केलीस आणि पुढच्या आठवड्यात आली नाहीस. त्याच्याही पुढच्या आठवड्यात नाही. फवारणीवालीच्या हाती निरोप पाठवलास की मला जमणार नाही. मी मान डोलावली आणि म्हटलं, होतं असं, पुष्कळ मुली सोडतात.

तुझे बाबा मला भेटून गेले हे त्यांनी तुला सांगितलं नसेल. मागच्या महिन्यात आले. तुझं मंडळाचं जाकीट इस्त्री करून, कागदात गुंडाळून घेऊन आले होते. बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, “बाई, पोरीच्या हातून तुमच्या जिवावर बेतलं होतं. तिनं मला सगळं सांगितलंय. तिच्या वतीनं माफी मागायला आलोय.” माझ्यापुढे त्यांनी हात जोडले. ते म्हणाले की तू आता बसमध्येही खिडकीशी बसत नाहीस. त्यांच्या घड्याळांच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ काढायला शिडीवर चढलीस आणि दुसऱ्या पायरीवरूनच खाली उतरलीस. “स्वतःच्या पायांवर भरवसा नाही म्हणते हो,” म्हणाले. मग घड्याळ तपासताना करत असतील तसा एक डोळा बारीक करून त्यांनी विचारलं, “बाई, अडाण्याचा प्रश्न आहे. त्या दिवसानंतर आठवडाभर ती उजवा पाय ओढत चालायची. मांडी दगडासारखी झाली होती. डावं पॅडल दाबलं, तर उजवी मांडी कशी धरली? मला यंत्रात असं उलटं काही दिसलं की चैन पडत नाही.” मी म्हटलं, ताणानं होतं तसं. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. मी दिलेला चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि उपकार झाल्यासारखे गेले.

त्या क्षणी मी तुझ्या घराकडे धावत सुटले असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी चार दिवस काही केलं नाही. पाचव्या दिवशी धाकटी जेवायला आली होती. मला पुन्हा तो रबराचा वास आला. डोळे उघडले तेव्हा टेबल तिरकं झालं होतं, पाण्याचा तांब्या फरशीवर घरंगळत होता आणि धाकटी माझा पाय दोन्ही हातांनी दाबून धरून रडत होती. “ताई, अगं तुझा डावा पाय लाकडासारखा ताठ झाला होता. टेबलाच्या पायावर असा रेटत होतीस, मला हलवता येईना.” शुद्ध हरपते त्या वेळी आपल्या शरीराचं काय होतं हे मला तोवर कोणी पाहून सांगितलं नव्हतं. मी खाली माझ्या पायाकडे बघितलं. चप्पल निघून पडली होती, बोटं अजून वाकलेली होती. स्वतःच्या पायाची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. आत्ता लिहितानाही तो मी खुर्चीच्या दांडीमागे अडकवून ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच डॉक्टरांपुढे जाऊन बसले आणि फॉर्मवरची खूण खोटी होती असं सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावून पेन खाली ठेवलं. परवाना तिथेच जमा झाला. डोक्याचे फोटो काढलेत. आत मसुराएवढं काहीतरी आहे. ते साधं आहे की वाईट, हे येत्या मंगळवारी कळेल. मी भ्याले आहे, खूप भ्याले आहे. पण खरं सांगते, त्या मसुरापेक्षा जास्त भीती मला काल शनिवारी वाटली, मंडळापुढे उभं राहताना. मी बोलले. अध्यक्षबाईंनी आपला चालता कान माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “ऐकू आलं नाही. पुन्हा सांग, मोठ्यानं.” ऐकू आलं होतं त्यांना. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली, माझं वाक्य माझ्याच हातानं खोडायला लावलं, खाली खरं लिहून सही घेतली आणि म्हणाल्या, “घार, आज माझ्याशी बोलू नकोस.” दातांच्या डॉक्टरणीनं खिडकीकडे तोंड केलं. फवारणीवाली गाडीची किल्ली घेऊन जिन्यापर्यंत पोचलीसुद्धा, तिच्यामागे सगळ्या. तडक तुझ्याकडे निघाल्या होत्या. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, हे आधी माझ्याकडून जायला हवं. मला त्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय. आज रविवार, टपाल नाही, म्हणून उद्या सकाळी धाकटी हे तुमच्या दारात टाकून येईल.

म्हणून हे पत्र. टिटवी, त्या वळणात मी शुद्धीवर नव्हते. आधी वास आला, आणि ‘मला बरं वाटत नाही, विमान तू सांभाळ’ एवढं सांगायला मला वेळ होता. मी गप्प राहिले. मग माझा डावा पाय ताठ होऊन माझ्या बाजूच्या पॅडलवर रुतला. दोघींची पॅडलं एकमेकांना जोडलेली असतात, हे मीच तुला पहिल्या दिवशी शिकवलंय. माझं डावं दबलं की तुझंही डावं आत जातं, आणि उजवं दाबलं तरच ते मागे येतं. माझ्याकडे बघायला तुला फुरसत नव्हती, जमीन वर येत होती. विमान ऐकत नाही एवढंच तुला कळलं. आणि अडतीस तास उडालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं एका आडदांड बाईचा आखडलेला पाय उजव्या पायाच्या जोरावर मागे रेटला, पंख सरळ केले, इंजिन वाढवलं आणि विमान सावरलं. मला जाग आली ती तुझ्या आवाजानं. तू म्हणत होतीस, “बाई, घाबरू नका, विमान माझ्याकडे आहे.” काय घडलं ते मी त्याच क्षणी ओळखलं. आणि ओळखूनही तुला विचारलं, “पाय कुठे होता तुझा?” तू खाली बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस, आणि तुझ्या चेहऱ्यावर ती शंका उतरताना मी बघत राहिले. त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. तुझा पाय जिथे असायला हवा होता तिथेच होता. माफ कर असं लिहायचा मला हक्क नाही, उत्तरही नको. परत येणं न येणं तुझ्यावर. एकच कर, हे पत्र घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच, आणि ‘विमान सावरलं’ तिथे पोचलीस की आवाज खाली आणू नकोस.

तुझ्यामुळे आज हे लिहायला उरलेली, तुझीच
घारबाई