पोरगी आता तुमची

१० फेब्रु., मंगळ. आष्टी

सुट्टीला घरी येऊन चार दिवस झाले, तरी जपान पाठ सोडून न्हाई राह्यलं. तिकडच्या माझ्या विद्यापीठाचा करिअरचा तास चालूच, आता मोबाइलवर. घेणाऱ्या बाई (इथून पुढं क.बाई) म्हणाल्या, नोकरी शोधायच्या आधी स्वतःला शोधा. गृहपाठ काय, तर घरच्यांना विचारा, मी कशी आहे? चांगलं काय, वाईट काय?

मम्मी भाकरी थापत होती. "चांगलं काय तोंडावर सांगू? नजर लागंल." बरं, मंग वाईट सांग. तर लगेच सुरू, जशी काय वाटच बघून राह्यल्ती. "रागीट. उलट बोलती. फोन उचलत न्हाई. अन् आता केसं बी कापून आली."

पप्पा रिटायर झाले, मास्तरकी न्हाई गेली. म्हणे, "लिही, आज्ञाधारक."

आज्ञाधारक! मी! तशी असते तर जालन्याला डी.एड. करून बसले नसते?

१३ फेब्रु.

गृहपाठ परत आला. 'रागीट'वर लाल रेघ. त्या जागी 'ठाम विचारांची' लिहा म्हणे. खाली सूचना: वडिलांशी वाद होतात हे कंपनीला सांगू नका, त्यांना काळजी वाटेल.

मंग विचारायला कशाला लावलं, बाई? स्वतःला शोधा, अन् सापडलं की झाकून ठेवा. सगळ्या वर्गाचा सूट काळा, सगळ्यांचं 'मी' एकसारखं. आमच्या शाळेतला निबंध बरा होता, 'माझी गाय' लिहिताना गाय तरी खरी असायची.

१७ फेब्रु.

क.बाईंचा मेल. गाड्यांचे पार्ट बनवणारी मोठी कंपनी, आमच्या विभागातून एकाच नावाची शिफारस, अन् ते नाव माझं. शिफारस म्हंजे नोकरी जवळपास पक्की. पण एक अट. सही केली अन् कंपनीनं घेतलं की नंतर नकार देता येत न्हाई. दिला तर कंपनी पुढं आमच्या विभागाच्या पोरांना दारात उभं करत न्हाई. ३ मार्चपर्यंत कळवा.

मला ती नकोच आहे. मला बियाणं निवडायच्या मशिनी बनवणारी ती छोटी कंपनी पाहिजे, जिथं उन्हाळ्यात काम केलं. तिथल्या म्हाताऱ्या इंजिनिअरनं माझ्या हातात पाना दिला, 'तुमच्याकडं तुरीला चाळणी कोणती लावतात' विचारलं. पण त्यांची मुलाखत एप्रिलात. पक्कं काहीच न्हाई.

पप्पांना सगळं समजावून सांगितलं. नकार देता येत न्हाई म्हटल्यावर घाबरतील वाटलं. तर खूश! "म्हंजे सुपारी फुटल्यासारखं म्हण की. हे बेस. शब्दाला किंमत असलेले लोक दिसतात."

२० फेब्रु.

भांडण झालं. शेजारच्या काकू पार ओट्यावर आल्त्या ऐकायला.

मी म्हटलं, मला त्या कंपनीत जायचं न्हाई. पप्पा म्हणे, "तुला काय जायचंय त्याचा प्रश्न न्हाई. परदेशी शिकायला गेलेली तू आपल्या वस्तीतली पहिली. तू नीट लागलीस तर मागच्या पोरींना घरचे पाठवतील. तू नखरे केले तर म्हणतील, बघा, शिकवून काय झालं?"

अगदी, अगदी तेच जे क.बाईंनी लिहिलंय! मागच्यांचा विचार करा. तिकडं जपानी पोरं माझ्या मागं, इकडं वस्तीतल्या पोरी माझ्या मागं. मी काय फाटक आहे का, उघडं ठेवायला? एकानं तरी विचारावं की शीतल, तुझं काय?

जेवले न्हाई. मम्मीनं ताट झाकून ठेवलं अन् पप्पांना वाढायला गेली. तिचाबी राग आला.

२४ फेब्रु.

आता नवीनच. कंपनीच्या साहेबाला आईवडलांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचंय, सही व्हायच्या आधी. तिकडं ही पद्धतच आहे. पोरं ऐनवेळी 'घरचे नको म्हणतात' म्हणून पळतात, म्हणून घरच्यांकडून आधीच वदवून घ्यायचं. मी बावीस वर्षांची. माझा पासपोर्ट, माझी स्कॉलरशिप, अन् होकार पप्पांचा.

दुभाषी कोण? मीच.

क.बाईंची सूचना, मागं भिंत कोरी असावी. आमच्या हॉलच्या भिंतीवर बुद्धाचा मोठा फोटो. पप्पा म्हणे, "फोटो हलणार न्हाई. ज्याला बघायचं न्हाई त्यानं डोळे मिटावे." एवढ्या एका गोष्टीत मी बिलकुल पप्पांच्या बाजूची.

२६ फेब्रु.

झालं.

पप्पांनी कोट घातल्ता, ह्या उन्हात. मम्मी ठेवणीतली साडी नेसून शेजारी. साहेब बरा होता, सारखा मान लववत होता. पप्पांनी सोयरिकीला आल्यासारखे प्रश्न लावले. पोरी किती कामाला? उशीर झाला तर घरी सोडायला गाडी आहे का? बॉस ओरडतो का? मी सगळं बराबर सांगितलं. प्रश्न चांगले होते, खोटं कशाला बोलू.

मंग साहेबानं विचारलं, "आपली कन्या आमच्याकडं आली तर आपली संमती आहे ना?"

मी ते मराठीत सांगितलं. पप्पा उठून उभे राह्यले. हात जोडले. म्हणाले, "साहेब, पोरगी आता तुमची. चुकली तर पदरात घ्या."

लग्नात सासरच्यांना म्हणतात ते! दोन्ही वाक्यं तीच! पोरगी तुमची. मी बसलेय ना इथं, दोघांच्या मधी, जिवंत!

साहेब माझ्या तोंडाकडं बघून राह्यला. मी जपानीत म्हटलं, "वडील म्हणतात, निर्णय मुलीचा आहे. ती जे ठरवेल ते आम्हाला मान्य."

साहेब दचकला. मंग पप्पांना खूप खाली वाकून नमस्कार केला. म्हणाला, असे वडील कमी असतात. हे मात्र मी पप्पांना जसंच्या तसं सांगितलं. ते लहान पोरावानी लाजले.

संध्याकाळी पेढे वाटले. आख्ख्या गल्लीत.

२८ फेब्रु.

मम्मी भांडे घासता घासता: "पप्पा बोलल्यावर तो साहेब तुझ्याकडं का बघत होता गं? काय सांगितलंस त्याला?"

खरं सांगितलं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मंग म्हणे, "माझ्या बापानंबी असंच म्हटलं होतं. मला कोणी विचारलं न्हाई, अन् मला ती भाषाबी येत होती." पुन्हा भांडे घासायला लागली. वर म्हणे, "पप्पाला तूच सांग. बाहेरून कळालं तर मोडून जाईल माणूस."

१ मार्च

सांगितलं.

पप्पा ओरडले न्हाई. तेच वाईट. हळू आवाजात, "माझ्या तोंडी तुझा शब्द घातलास?"

"तुम्ही माझ्या जागी तुमचा दिला त्याचं काय?"

"मी बाप आहे."

"मंग बापावानी विचारायचं होतं एकदा!"

गेले निघून चप्पल घालून. कुठं गेले, माहीत न्हाई. मला वाईट वाटून राह्यलं, अन् वाईट वाटतंय ह्याचाच जास्त राग येऊन राह्यला. मी काय चुकीचं बोलले? एक वाक्य बदललं. तेबी असं की बाप त्यात मोठा दिसला.

२ मार्च, सोम.

उद्या शेवटचा दिवस, अन् सही मी अजून केली न्हाई. क.बाईंचा मेल: आपल्या वडिलांच्या उदार विचारांबद्दल कंपनीनं विशेष कौतुक कळवलंय. वा!

सकाळपासून पप्पा पेपर धरून बसले, पान उलटत न्हाई. दुपारी आले, कोट हातात.

"त्या साहेबाला उद्या परत लाव. मला बोलायचंय."

"काय बोलणार?"

"ते तिथंच ऐक. अन् ह्या वेळेला मी बोलंन तेच सांगायचं. एक शब्द इकडचा तिकडं न्हाई. कबूल?"

मी म्हटलं, तुम्ही पुन्हा तेच बोललात तर? तर म्हणे, "तर तेच सांगायचं."

नको म्हणता आलं असतं. पण त्यांचा चेहरा तसा मी आधी कधी बघितला न्हाई, रागाचा न्हाई, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. कबूल म्हटलं.

साहेबानं सकाळची वेळ दिली आहे. कोट मम्मी इस्त्री करून राह्यली. मी सगळं बराबर सांगणार, काय बी बोलू दे. शब्द दिलाय.