सुटलेला चेंडू आणि आईचा बिडाचा तवा

सँडी फोर्क, नेब्रास्का
रविवार, चर्चहून आल्या आल्या

चि. मर्ल यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद (सवयीने लिहून गेले, परत घेते). तुझा गुडघा कसा आहे? शुक्रवारी शिट्टी घेऊन मैदानभर पळत होतास, म्हणजे ठीकच असणार. डोळ्यांचं विचारत नाही. त्यांचं काय झालंय ते अख्ख्या गावाने पाहिलं. आम्ही खुशाल नाही.

तुझे दाजी सत्तावीस वर्षं इथल्या शाळेच्या पोरांना आपला चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल शिकवतायत. यंदा ते निवृत्त होणार, आणि शुक्रवारी हरलो तर तो त्यांचा शेवटचा सामना, हे तुला ठाऊक होतं. पंच मिळेना तेव्हा दोन्ही शाळांपुढे तुझं नाव मीच टाकलं (अक्कल गहाण पडली होती माझी). आणि तू काय केलंस? आम्ही चार गुणांनी मागे, घड्याळात नऊ सेकंद. आमची लांब किक त्यांच्या एका लंबूटांग पोराच्या छातीवर आली. त्याने चेंडू दोन्ही हातांनी कवटाळला (मी पाहिलं, माझा चष्मा नवा आहे) आणि मग तो सुटला. आमच्या कोडी वॅव्राने उचलला आणि थेट शेवटच्या रेषेपार नेला, म्हणजे सहा गुण, जिंकलोच! बँडवाल्याने झांज फेकली, मी पाद्र्यांच्या बायकोच्या मांडीवर वाटीभर गरम चिली, राजमा-खिम्यासकट सगळा रस्सा, सांडली, आणि तू शिट्टी वाजवून हात वर करून उभा! म्हणे, "त्याला झेलताच आला नव्हता, नुसता हात लागला. चेंडू तुमचा, पण उचलला तिथेच. पुढचं पळणं रद्द." उरलेल्या दोन सेकंदांत काय होणार होतं, कपाळ! हरलो.

आता गावात तोंड दाखवायची सोय नाही. धान्याच्या कोठारावरचा एल्डन मला चारचौघांत विचारतो, "काय लव्हॉनबाई, सख्खा भाऊ ना तो? की नुसताच हात लागलेला?" घरी येऊन मी तासभर तुझा उद्धार केला. तर तुझे दाजी नेहमीसारखा दालचिनीचा गोड रोल चिलीत बुडवत म्हणाले, "मर्लचं बरोबर होतं. हा नियम मीच दर ऑगस्टला पोरांना शिकवतो." आणि गॅरेजमध्ये जाऊन जुनी टोपी हातात घेऊन बसले. माणसाने निदान चिडावं तरी! त्यांच्या वाट्याचंही मलाच चिडावं लागतंय.

आता तव्याचं. नऊ वर्षं तू नाताळच्या प्रत्येक कार्डात आईचा बिडाचा तवा मागतोस. आईला माती देऊन आलो त्या दिवशी तुझ्या (म्हणजे आईच्याच) स्वयंपाकघरात तुझ्या बायकोने, ट्वायलाने, तो उचलला, तिला चटका बसला, तवा खाली पडला. मी उचलला आणि अठरा मैल गाडी न थांबवता घरी आणला. तू म्हणतोस, तवा ट्वायलाच्या हाती आलेला होता. नव्हता! नुसता हात लागला होता. तुझाच नियम. तवा माझा. आणि गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आम्ही तुमच्याकडे येणार नाही. खा ती टर्की एकटेच.

तुझी (नाइलाजाने) ताई,
लव्हॉन

ता. क. तव्याचं पक्कं करावं म्हणून दाजींचं नियमांचं पुस्तक उघडलं. दात-ओठ खात लिहिते आहे. चेंडू उचलणाऱ्याचा, पण ठेवायचा उचलला तिथेच. म्हणजे तवा माझा. अठरा मैल रद्द.

आणखी एक. म्हणून गुरुवारी तवा घेऊन येतो आहोत. तो तुझ्या शेगडीवर राहील, मक्याचा पाव त्यात मीच करीन, ट्वायलाने हात लावायचा नाही. तू मात्र दारातच उभा राहा. दाजी आत येताना त्यांना सांग, की शिट्टी वाजवल्यावर तुझा वर केलेला हात थरथरत होता. बाकीचं जाऊ दे, एवढं मी नीट पाहिलं.