बॉक्स्टी, नकाशा आणि माझा पहिला नकार

क्लूनबेग, काउंटी लीट्रिम
बुधवार सकाळ

तीर्थस्वरूप अट्रॅक्टा आत्या,

फिन्टन आणि ओर्लाचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात त्याची चौकशी राहिली, हे परवा डायरी चाळताना लक्षात आलं आणि मन खात राहिलं. म्हणून या खेपेला दोन्ही गुडघ्यांची विचारपूस करतो. (दुसरा धडधाकट असेल तर त्याने राग मानू नये.) आम्ही मजेत आहोत. चहा आहे, लोणी आहे, तक्रारीला जागा नाही.

तर हकीकत अशी. गावोगावचं खाणंपिणं पाहुण्यांना दाखवायला एक नकाशा निघतोय. वॉटरफर्डचा पाव, कॉनेमाराचे शिंपले आणि आपल्या लीट्रिमची बॉक्स्टी, म्हणजे बटाट्याची धिरडी. ओर्लाने नोकरी सोडून हे चहाचं दुकान काढलं ते तिच्या आईच्या बॉक्स्टीच्या भरवशावर. पण आमच्या गल्लीत पाहुणा येतो तो रस्ता चुकला तरच. नकाशावर नाव आलं नाही तर दुकान पुढचा हिवाळा काढणार नाही.

काल नकाशाच्या बाई आल्या. मारीट नाव, मूळच्या हॉलंडच्या. ओर्लाने किसलेला कच्चा बटाटा आणि कुस्करलेला उकडलेला बटाटा ताकात कालवून तव्यावर टाकला. बाईंनी चार खाल्ल्या, ताटली पावाने पुसली आणि मला विचारलं, "तुमचं नाव घालू ना नकाशात?"

आता तूच सांग आत्या, पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणायला मी काय रानटी आहे? मी म्हटलं, "छे हो, आमचं कसलं नाव! बटाटाच तो." बाई म्हणाल्या, "बरं," आणि पेन्सिलीने काट मारली.

मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत चहा ओतत राहिलो. (तीन कप. त्यांनी प्रत्येक वेळी नको म्हटलं होतं, हे डायरी लिहिताना ध्यानात आलं.) मग विषय पुन्हा नकाशाकडे वळावा म्हणून म्हणालो, "क्विल्टींच्या दुकानात याहून चांगली मिळाली असेल." त्या म्हणाल्या, "हो, त्यांचीही छान होती." क्विल्टी बॉक्स्टीवर अननस ठेवतात, आत्या!

त्या निघाल्या तेव्हा मी बॉक्स्टीचं पुडकं घेऊन गाडीमागे धावलो. त्या नको म्हणाल्या. अर्थातच मी आग्रह केला. पुन्हा नको, पुन्हा आग्रह. शेवटी त्यांनी पुडकं घेतलं, बहुधा काच वर करता यावी म्हणून.

ओर्ला दारात उभी राहून सगळं पाहत होती. म्हणाली, "लग्नाचं मी तिसऱ्यांदा विचारलं नसतं, तर अजून 'छे गं, माझ्यात काय आहे' म्हणत बसला असतास." त्यावर मी बराच विचार केला. तीनदा विचारून घेण्याची हौस ही नम्रता, की लपवलेला ताठा? डायरीचं दीड पान झालं, निकाल लागला नाही. ओर्ला मात्र हसत होती, आणि उरलेल्या बॉक्स्टी आम्ही दोघांनी संपवल्या. फार सुरेख झाल्या होत्या. हे मी तुला म्हणू शकतो. त्यांना का नाही म्हणू शकलो?

गुडघ्याला जप.

तुझा भाचा,
फिन्टन

ता. क. बोलता बोलता कळलं की मारीटबाई शनिवारी स्लायगोत मुक्कामाला आहेत आणि खोली तुझ्याकडेच घेतली आहे. नकाशा सोमवारी छापायला जातो. न्याहारीच्या वेळी तू सहज विषय काढलास आणि त्यांनी मला आणखी एकदा, फार तर दोनदा विचारलं, तर...

ता. क. २. पण नको. तुला उगाच त्रास. राहू दे.

ता. क. ३. आत्या, मी ओर्ला. वरचं 'राहू दे' वाचू नका. त्या बाईंना माझ्याकडून सांगा: हो. दुकान माझं आहे, आणि मला एकदा विचारलं तरी पुरतं.