देवपूरची पुढची खोली

मी, अभिमन उखर्डू पाटील, वय सत्तावीस, शिक्षण सातवी नापास, मूळचा दोंडाईच्याकडचा, नंतर देवपूर, धुळे, आणि सध्या मुक्काम कुवेत, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, तब्येत ठणठणीत आहे आणि हे कुणी माझ्याकडून दमदाटीने लिहवून घेतलेलं नाही. उद्यापासून आमची टोळी जळत्या तेलविहिरींपर्यंत पाण्याचे पाइप टाकायला जाणार. लढाईतले सुरुंग अजून वाळूत आहेत. साहेब म्हणाला, घरदार असेल त्याने काय ते लिहून ठेवावं. म्हणून लिहितो.

१. बँकेतली शिल्लक आणि माझ्यामागे कंपनीकडून जे येईल ते सगळं माझी माय ताईबाई हिचं. तिने आधी गुडघे दाखवून घ्यावेत. नवस-बिवस नंतर.

२. माझे पाने, पाइप कापायची करवत आणि दुबईत घेतलेला टेपरेकॉर्डर सुकदेव रिक्षावाल्याला द्यावा. पाने त्याला उपयोगी नाहीत, पण इतकी वर्षं तो मागतो आहे.

३. दोंडाईच्याच्या ज्या गिरणीत मी पहिल्यांदा कामाला लागलो, तिथल्या मुकादमाला माझ्याकडून काही नाही. "तू कुठेच टिकणार नाहीस" असं तो चारचौघांत म्हणाला होता. खरंच कुठे टिकलो नाही. गिरणी सोडली, ट्रकवर क्लीनर झालो, हॉटेलात राहिलो, दुबईला गेलो, इथे आलो. तरीसुद्धा त्याला काही नाही.

४. एकाच जागी मी टिकलो, ती म्हणजे मंदाअक्कांचा इंग्रजीचा वर्ग. अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. संध्याकाळी ड्युटी सुटली की आम्हा मोठ्या माणसांना शिकवायच्या. आधी शाळेच्या ओट्यावर, तिथून उठवल्यावर आमच्या पुढच्या खोलीत. ती खोली मी दुबईच्या पैशांवर बांधली. वडिलांमागे वाटणी झाली तेव्हा पुढची खोली माझ्याकडे आली, मागची मोठा भाऊ धनसिंग याच्याकडे, आणि माय दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात.

धनसिंगभाऊ तेव्हाच हसला होता. "इंग्रजी शिकीसन काय इमान उडावशी?" अक्का आतून म्हणाल्या, "उडवेल तेव्हा तिकीट तुम्ही काढा, भाऊ."

अक्कांची शिकवायची तऱ्हा वेगळी. म्हणायच्या, इंग्रजी क्रियापद म्हणजे लेक, आणि तिच्यामागे येणारा छोटा शब्द म्हणजे तिला न्यायला आलेला मुराळी. मुराळी कोण, त्यावर ती कुठल्या घरी जाणार ते ठरतं. 'लुक'ला न्यायला 'आफ्टर' आला की ती सांभाळते, 'फॉर' आला की शोधत फिरते, 'डाउन ऑन' ही जोडगोळी आली की दुसऱ्याला हिणवते. सुकदेव विचारायचा, "आणि कुणीच न्यायला नाही आलं तर?" "तर नुसती बघत बसते, तुझ्यासारखी." 'पुट आउट' म्हणजे विझवणे हे मी तिथे पाठ केलं. विझवणे म्हणजे काय ते आता इथे बघतो आहे. भर दुपारी धुराने अंधार होतो.

आणि अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्याकडे अखाजीला सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. अक्कांनी वर्गात तीच रीत घातली. ज्या इंग्रजी शब्दाचं माहेर आपल्याकडे, त्याला अखाजीला बोलवायचं. ज्याने आणला त्याने फळ्यावर लिहून सांगायचं, कुठल्या घरची, कशी गेली, सासरी काय म्हणतात. मग आमरस-पुरणपोळी. शाम्पू आमच्या चंपीची लेक निघाली. डंगरी, ती जाड कापडाची विजार, मुंबईच्या डोंगरीची. मॉंगूस तर सरळ मराठी मुंगूस. मधल्या दारातून माय ऐकत असायची. एका वर्षी तिला राहवलं नाही. "मना बी एक शबद लिखा वं, मंदाअक्का. ही खाट साहेबना घर गई का नही?" अक्कांनी फळ्यावर 'कॉट' लिहिलं आणि मायला पुढे बसवलं. तेव्हापासून ती दारात बसली नाही.

एकदा सुकदेवने 'गोडाउन' आणलं. आपल्या गोदामाची लेक म्हणून वाजतगाजत. पंगत बसली, आणि अक्का वाचनालयातल्या जाड शब्दकोशात बघून आल्या: माहेर तिकडे समुद्रापार, मलाया देशात. आपलं गोदामसुद्धा तिकडचंच. सुकदेव म्हणाला, "आता काय, ताटावरून उठवायची?" अक्का म्हणाल्या, "बसू दे. इतक्या लांबून आली आहे." त्या अखाजीइतका मी कधी हसलो नाही. इथे कुवेतला निघालो तो त्याच आठवड्यात.

५. मी मेलो तर सुकदेव बादलीला लाथ मारली म्हणेल. साहेबाच्या भाषेत मरणाला तसं म्हणतात, हे त्याचं सगळ्यात आवडतं. त्याला म्हणू द्यावं, रागावू नये.

६. आता मुख्य. धनसिंगभाऊने लिहिलं आहे की अक्कांचा वर्ग उठवू, पुढच्या खोलीत व्हिडिओचं दुकान टाकू, गिऱ्हाईक तयार आहे. मी उत्तर दिलं नव्हतं. हे उत्तर. वर्गाला दुसरी जागा नाही. ही खोली गेली की वर्ग गेला, आणि माय परत दारात. म्हणून पुढची खोली मायच्या नावे करतो. तिच्यामागे मंदाअक्कांच्या, जोवर कुणी शिकायला येतं आहे तोवर. पुढे अक्का ठरवतील. भाऊ, तुझ्याशी माझं वैर नाही. बैलजोडीतला माझा हिस्सा आणि मागची विहीर पूर्ण तुझी. आणि संध्याकाळी मोकळा असलास तर सतरंजीवर बस. तुला कुणी हसणार नाही, हे अक्कांकडून लिहून घेतो.

७. शेजारच्या खाटेवरचा रतिलाल म्हणतो, मृत्युपत्रातलं सगळं माणूस गेल्यावर लागू होतं, त्याशिवाय नाही. असेल. बाकीच्या कलमांना माझ्या मरणाची वाट बघा. पण सहाव्या कलमाला थांबू नका. खोली मी आजच दिली. मी धडधाकट परत आलो, तर माझी वळकटी मागच्या विहिरीजवळ टाकावी, आणि मला वर्गात नवीन विद्यार्थी म्हणून बसवावं.

वाचून, समजून सही करतो.

अभिमन उखर्डू पाटील

साक्षीदार:
रतिलाल झिपरू महाजन, राहणार अमळनेर, जिल्हा जळगाव (सही)
यासीन मुकादम, राहणार रत्नागिरी, छावणीचा स्वयंपाकी (सही)

ठिकाण: अहमदीजवळची छावणी, कुवेत
तारीख: २० जून १९९१