दिवाळीपर्यंत

१४ ऑगस्ट, गुरुवार
केतकी, निखिल आणि मुलं काल संध्याकाळी शिकागोहून पोचली. व्हॅन भरून सामान. उरलेलं ट्रकने शनिवारी, ते बेसमेंटमध्ये. निखिलरावांची नवी नोकरी सोमवारपासून. इराची चौथी, नीलचं किंडरगार्टन.
के. म्हणाली, घर मिळेपर्यंत राहू बाबा, दिवाळीपर्यंत. बरं म्हटलं. आणखी काही म्हणायचं होतं, पण सामान उतरवायचं होतं.
शैला जाऊन पाच महिने झाले, तेव्हापासून या घरात मी एकटाच. आज सकाळी वरचे दोन्ही फ्लश एकदम झाले. किती दिवसांनी. बरं वाटलं.

१६ ऑगस्ट, शनि.
के. ने विचारलं, तुम्ही जेवता किती वाजता? सात म्हणालो. खोटं. मार्चपासून साडेचारला दूध-कॉर्नफ्लेक्स, समोर हवामानाचं चॅनल. अंघोळ अकराला. झोप रिक्लायनरमध्ये. हे कोणाला सांगायचं?
इराने पँट्री उघडली. कॉर्नफ्लेक्सची सहा खोकी. "आबा, यू मस्ट रिअली लव्ह सीरियल." हो म्हणालो. के. ने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी सहाला वरण-भात, सगळे टेबलावर. दोनदा घेतला.

२० ऑगस्ट, बुध.
शाळेचा पहिला दिवस. पावणेसहाला उठलो. दाढी केली. बस आठ पाचला, आम्ही साडेसातलाच कोपऱ्यावर. इरा म्हणाली, आबा, वी आर द ओन्ली वन्स हिअर. पुलांच्या तपासणीवर असताना मी नेहमीच आधी पोचायचो, ते तिला सांगितलं. ऐकून घेतलं तिने.
नील बसमध्ये चढताना मागे वळला नाही. चांगलं आहे.

२५ ऑगस्ट, सोम.
डबे माझ्याकडे घेतले. के. ला आठला मीटिंग असते, निखिलराव साडेसातला निघतात, मग उरलो मी. फ्रोझन पोळ्या, तूप-गूळ लावून गुंडाळी. काकडी. नीलला चीज.
इराला सांगितलं की पुलाला आम्ही शून्य ते नऊ गुण द्यायचो. नऊ म्हणजे उत्तम, चारला लक्ष ठेवायचं, दोनला रस्ता बंद. आता रोज डबा परत आला की ती फ्रिजवर आकडा लिहिते. आज ५. शेरा: पोळी वॉज वेट. काकडी वेगळी ठेवायला हवी.

२७ ऑगस्ट, बुध.
गणपती. वर्ष व्हायचं आहे, त्यामुळे घरात काही नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
दुपारी सुलभावहिनी एकवीस मोदक घेऊन आल्या. म्हणाल्या, तुम्ही करायचे नाहीत, आम्ही आणायचे, एवढं तरी असतं ना भावजी. शै. च्या या सगळ्यात जुन्या मैत्रीण, पण तिच्याबद्दल काही बोलल्या नाहीत. मोदकाच्या कळ्या चांगल्या नाहीत आल्या, शैलाने नावं ठेवली असती, एवढंच. नीलने चार खाल्ले.
जाताना दारात वहिनींनी विचारलंच. म्हणजे आता इथेच राहणार ना ही मंडळी? के. म्हणाली, घर बघतोय मावशी.  मी वहिनींचा डबा धुवायला आत गेलो. रिकामा परत देत नाहीत हे लक्षात आलं, पण काय घालावं सुचेना. शेवटी कॉर्नफ्लेक्सचं एक खोकं दिलं. वहिनी अंगणात उभ्या राहून हसत होत्या.

३१ ऑगस्ट, रवि.
नील आज शै. च्या खुर्चीवर बसला. खिडकीकडची. त्याला माहीत नाही. के. चा हात थांबला, माझा थांबला, निखिलराव ताटाकडे बघत राहिले. नील म्हणाला, इथून खार दिसते. जेवण झाल्यावरही उठेना.
आता ती नीलची खुर्ची. कोणी ठरवलं नाही.

३ सप्टें., बुध.
इराचा आकडा: ७. भेंडी कुरकुरीत. शाळेत मैत्रिणीने मागून खाल्ली म्हणे. दिवसभर बरा गेला. तेवढ्यावर दिवस बरा जावा, याची गंमत वाटते.

७ सप्टें., रवि.
चौघं घरं बघायला गेली. तीन बघितली. चारला परतली. एकात बेसमेंटला ओल, एक हायवेला लागून, एक बरं होतं पण किचन अंधारं. के. वैतागली होती. मी अरेरे म्हणालो. मग गॅरेजमध्ये जाऊन उगाच कुदळ-फावडी लावून ठेवली, शीळ घालत. मुलगी दमून आली आहे आणि बाप शीळ घालतो.

१३ सप्टें., शनि.
नवीन ठरलं. शनिवारी सकाळी निखिलराव आणि मी सगळ्यांसाठी पोहे करायचे, के. ने उशिरा उठायचं. निखिलराव कांदा चांगला चिरतात. मी भिजवायचं माप चुकलो, लगदा. ते म्हणाले, "बाबा, मला नुसतं निखिल म्हणा ना. राव म्हटलं की मी आत्ताच बोहल्यावरून उतरलोय असं वाटतं." अकरा वर्षं झाली लग्नाला. प्रयत्न करतो म्हणालो.
लगद्यावर शेव घातली. चालून गेलं.

२१ सप्टें., रवि.
काल सकाळी थंडी पडली म्हणून सफरचंदं तोडायला बागेत गेलो. दोन पोती भरून आणली. दुपारी के. मुलांचे चिखलाचे बूट धूत होती, निखिलरावांना (निखिलला) ॲपल क्रिस्प करायची हौस आली. ओव्हन चारशेवर लावला आणि सफरचंदं सोलत बसले.
आमच्या घरात ओव्हन हे कपाट आहे. सगळ्यांच्याच घरी असतं. लावायच्या आधी आतलं टेबलावर काढायचं. दह्याचे मोठे रिकामे प्लास्टिकचे डबे, शै. धुऊन जपून ठेवायची. अकरा होते. खाली दोन कढया, एक झारा.
आधी वास. मग अलार्म, खालचा, वरचा, जिन्यातला. नील कानावर हात ठेवून नाचत होता. निखिल जाळी घेऊन डेकवर धावला, तिच्यावरून पांढरं लोंबतंय. तिथून ओरडला, "ओव्हनमध्ये दह्याचे डबे कोण ठेवतं?"
के. म्हणाली, "तुझ्या आईच्या ओव्हनमध्ये काय असतं?"
"नाशिकला आईकडे ओव्हनच नाही."
मला हसू आलं. थांबेचना. खुर्चीवर बसावं लागलं. के. ही हसायला लागली, मग रडायला, मग पुन्हा हसायला. कढया वाचल्या. झाऱ्याची मूठ गेली.
संध्याकाळी खिडक्या उघड्या टाकून, स्वेटर घालून, कच्चीच सफरचंदं खाल्ली.

२२ सप्टें., सोम.
आज के. ने अर्धा दिवस सुट्टी घेतली. म्हणाली, किचन आवरू या का? आपण होऊन कधी हात लावला नाही, तुम्हाला सगळं आईने ठेवलं तसंच हवं असेल म्हणून.
मी म्हणालो, मला वाटत होतं तुला तसं हवं आहे.
म्हणजे पाच आठवडे दोघंही बिचकत कोपऱ्यातली तीच दोन पातेली वापरत होतो.
तीन मिक्सर निघाले, एक चालणारा. सोऱ्या सात ताटल्यांसह. किसण्या पाच. एका डब्यात नुसती झाकणं. के. म्हणाली, आई कुठलंच झाकण टाकत नव्हती. मी म्हणालो, डबे परत येतील अशी आशा होती तिला.
पेले, वाट्या खालच्या खणात, इराचा हात पोचेल असे. डिशवॉशर चालू केला. आतापर्यंत त्यात भांडी फक्त निथळत होती. बटण नीलने दाबलं. चौघं तिथेच उभं राहून आवाज ऐकत होतो, जणू काय…

२ ऑक्टो., गुरु.
हीट लावायची की नाही यावरून सकाळी चर्चा. शै. चा नियम, पंधरा ऑक्टोबरच्या आत नाही. इरा टोपी घालून नाश्त्याला आली, निषेध म्हणून. मत घेतलं. चार विरुद्ध एक. मी विरोधात, पण हात वर करताना पायात मोज्यांवर मोजे होते, ते नीलने पाहिलं.
लावली. वर्षाची धूळ जळल्याचा वास. मला तो आवडतो.
डबा: ८. थालीपीठ. शेरा नाही.

५ ऑक्टो., रवि.
घर आवडलं त्यांना. इथून वीस मिनिटं. चार बेडरूम, मागे मोठं मेपल, शाळा दुसरी. के. फोटो दाखवत होती. किचनला मोठी खिडकी. छान आहे म्हणालो. खरंच छान आहे.
शीळ वगैरे काही नाही. फिरायला गेलो, लांब. रस्त्यावर सगळीकडे पानं.
एजंटला पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचं आहे.

८ ऑक्टो., बुध.
सकाळी अंधार असतो आता. इरा टॉर्च घेऊन बसला येते, नील तिचा झोत पकडायला धावतो. आज विचारलं तिने, नव्या घरी गेल्यावर डबा कोण करणार? आई करेल म्हणालो. "मॉम्स लंच इज अ फाइव्ह," म्हणाली. केतकीला सांगायचं नाही असं ठरलं.
दिवसभर तेच डोक्यात. शै. असती तर पहिल्याच दिवशी बोलून मोकळी झाली असती. मी आयुष्यभर रिपोर्ट लिहिले. बोलायचं काम तिचं होतं.

१२ ऑक्टो., रवि.
जेवणं झाली. के. भांडी विसळत होती, मी पुसत होतो. म्हणाली, उद्या उत्तर द्यायचं आहे बाबा, तुम्हाला काय वाटतं त्या घराबद्दल?
घराबद्दल नाही सांगितलं. म्हणालो, मला वाटतं तुम्ही इथेच राहावं. चौघांनी.
तिने नळ बंद केला. म्हणाली, आई असताना तुम्ही असं कधी काही मागितलं नाहीत.
"तेव्हा ती मागायची."
 मग हळूच, "एकटं वाटेल म्हणून म्हणताय का? तसं असेल तर आम्ही रोज…"
"एकटं मला राहता येतं. सहा खोकी बघितलीस ना. आवडतं म्हणून म्हणतोय. सकाळी उठावंसं वाटतं."
तिचा चेहरा शै. सारखा झाला, काही ठरवायच्या आधी व्हायचा तसा. म्हणाली, "निखिलचं त्या घरावर मन बसलंय, बाबा. त्या मेपलवर. त्याच्याशी बोलते." हात न पुसताच वर गेली.
ते होऊन अर्धा तास झाला. खोलीचं दार लोटलेलं. दोघांचे आवाज येतात, शब्द कळत नाहीत. एकदा निखिल हसला, पण त्यावरून काही सांगता येत नाही. बोलून टाकलं याचं मात्र बरं वाटतंय, उत्तर काहीही येवो. 
साडेसात वाजले. नीलची अंघोळ राहिली आहे आणि खाली कोणी येत नाही. तो जिन्यात कपडे काढून उभा आहे, आबा पाणी, आबा पाणी. मीच टब भरतो.