इस्त्री तापत नाही म्हण

वर्षू, कॉलेजातून आलीस की तू भात लावशील, म्हणून चिठ्ठी तांदळाच्या डब्यात ठेवलीय. बाबांच्या हाती लागू देऊ नको.

मी चाकणला शिफ्टला निघालेय. जाताना इस्त्रीच्या प्लगमधली वायर सोडून ठेवलीय. तू बोर्डात लावू नको गं, शॉक बसेल. नुसती तापत नाही म्हणून बाबांपुढे कटकट कर. पण नवीन घेऊ, असं चुकूनही म्हणू नको. कंपनीनं घरी बसवल्यापासून या जुन्या वस्तूंवरच त्यांचा दिवस निघतोय. यंदा खंडेनवमीला पुजायला मशीन नव्हतं, तर माझ्या लग्नातल्या मिक्सरला झेंडू वाहिला त्यांनी. आता मिक्सर, टेप, टेबलफॅन, सगळं नव्यासारखं चालतंय, आणि काल दिवसभर ते भिंतीकडे बघत बसले होते. मला बघवेना.

मिक्सर मीच बिघडवला होता. टेपचा पट्टाही मीच काढला होता. टेबलफॅनला मात्र मी हात लावलेला नाही. तो तूच बिघडवलास ना? हो म्हण बाई. नाहीतर घरात तिसरं कोण आहे?

आई