ह्यालमार दोनदा गेला त्याची हकीकत

ती. सौ. रान्वेगताईस,

धाकट्या थोर्लाकुरचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि भाओजींचा स्वभाव, दोन्ही जागच्या जागी असतील अशी आशा आहे. कोपनहेगनला थंडी पडली असेल, जपून राहा. इकडे मी बरा आहे. जग बरं नाही.

या आठवड्याच्या बातम्यांवर माझी मतं तू विचारली नाहीस, तरी सांगतो. युद्ध थांबवायला जमलेली मंडळी जेवून उठली, युद्ध मात्र बसलेलंच आहे. (जेवणाचा फोटो आला होता, मासा आपल्याकडचा वाटला.) बर्फ वितळतंय म्हणून मोठाली राष्ट्रं परिषदा भरवतात, आणि आपला डोंगरावरचा रस्ता तीन आठवडे बर्फानेच बंद आहे. त्यात गावच्या गरम पाण्याच्या तलावाचा पंप बिघडला. जगाचं काय करायचं हे आम्ही म्हातारे रोज त्याच पाण्यात बसून ठरवतो, त्यामुळे सध्या जग वाऱ्यावर आहे.

हे सगळं मी नेहमीप्रमाणे आपल्या साप्ताहिकासाठी लिहिलं होतं. (एकोणीस वर्षं लिहितोय. वाचक एकच, संपादिका स्टेनुनबाई, त्याही पगारी.) आणि तिथेच घात झाला. ह्यालमार, हो तोच, ज्याचं नाव आपल्या घरात काढत नाहीत, महिनाभर तिकडे अकुरेरी शहरातल्या दवाखान्यात होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती, म्हणून त्याचा मृत्युलेख मी आधीच लिहून ठेवला. यात अभद्र काही नाही. ऐनवेळी लिहायला बसलं की मेलेला प्रत्येक माणूस नुसता 'दिलदार' होतो. त्याला मागेपुढे कोणी नाही. मी लिहिलं नाही तर पेपरात एक ओळ न येता तो मातीत जाणार, आणि आपल्या गावात अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. तर गेल्या गुरुवारच्या अंकासाठी पाठवायचं होतं जगाचं, गेलं ह्यालमारचं. छापूनही आलं, फोटोसकट.

शुक्रवारी दवाखान्यातून फोन. "थोर्लाकुर, मी मेलोय म्हणे." आवाज खोल गेलेला, पण खोच तीच. "अर्ध्या लेखात बोगदा कशाला घुसडलास रे? मेलेल्याला बोगद्याचं काय?"

मी म्हटलं, "बोगद्याच्या बाबतीत तुझं बरोबर होतं, असं लिहिलंय ना." (डोंगरातून बोगदा काढावा असं तो म्हणायचा, मी नको म्हणायचो; त्यावरूनच अकरा वर्षं आमचं बोलणं बंद होतं.)

"ते दोनदा वाचलं. पण हे तोंडावर सांगायला काय झालं होतं तुला?"

ताई, प्रत्येक गोष्टीवर मत असलेला माणूस मी. पण मी त्याला तलावाचा पंप कसा बिघडला ते सांगत बसलो. सोमवारी दुपारी तो गेला, या वेळी खरंच. मला फार लागलं आहे.

मी तसाच स्टेनुनबाईंकडे धावलो. त्या म्हणाल्या, "तुमचा लेख छापून झालाय. मागच्या आठवड्यात मेला, या आठवड्यात 'खुलासा : ह्यालमार जिवंत आहे', पुढच्या आठवड्यात तुमच्याच लेखणीने परत मेला? लोक मला पेपर विकू देतील का?" खुलाशाचं पान तोवर छापखान्यात गेलं होतं. म्हणजे उद्या गुरुवारी तो जिवंत असल्याची बातमी घरोघरी पोचेल. या आठवड्यातली तेवढी एकच बातमी मला खरी व्हायला हवी होती.

आता माती पुढच्या शनिवारी. त्याआधीच्या अंकात त्याच्यावर दुसऱ्या कोणीतरी लिहायला हवं. त्याला तरुणपणापासून ओळखणारे गावात दोघे उरलेत. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला आठवत नाही. माझ्या घाईपायी तो बिचारा मुकाट्याने जाणार, या विचाराने जेवण जात नाही. असो. भाओजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
थोर्लाकुर

ता. क. : मजकूर मंगळवार दुपारपर्यंत घेतात. दहा ओळीही चालतात. त्याच्याशी ठरलेलं लग्न मोडून तू बोटीत बसलीस ते बरोबर की चूक, यावर माझं मत आहे; ते मी देणार नाही. मृत्युलेखात मेलेल्याशी थेट 'तू' म्हणूनच बोलायची आपली रीत तू विसरली नसशील.

आणखी एक : फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं, "रान्वेगकडे जातो का रे हा पेपर?" मी म्हटलं, "दर आठवड्याला. अक्षर न् अक्षर वाचते." तुझी पहिली वर्गणी मी आज सकाळी भरली.